सुरवंटाच्या केसांमुळे होणारा नेत्रदाह

सुरवंटाच्या अंगावरील सूक्ष्म केस डोळ्यात शिरून होणारी इजा व त्यामागोमाग येणारा दाह यांना नेत्रवैद्यकात ‘ऑप्थॅल्मिया नोडोसा’ म्हणतात. अशा विकाराचे वर्णन श्योन यांनी १८६१ मध्ये केले, तर डोळ्यात उठणाऱ्या गाठींवरून आलेले हे नाव झेमिश यांनी १९०४ मध्ये दिले.

केसावर एकाच दिशेला कललेले बारीक काटे असतात. कपड्यात शिरलेले कुसळ चालता चालता वर चढत जाते, तसा हा केस पापण्यांच्या उघडझापीने आणि डोळ्याच्या हालचालीने पुढेच सरकतो, मागे येत नाही. डोळा चोळणे म्हणजे त्याला आत ढकलणेच होय. काही जातींच्या केसांत विषारी द्रव्यही असते. सुरुवातीला आग, पाणी येणे, लाली आणि पापणीची सूज दिसते. पुढे पारपटलावर (बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर) ओरखडे, पांढऱ्या भागावर पिवळट गाठी, परितारिकेचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) दाह आणि क्वचित दृष्टिपटलापर्यंत (डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत) इजा होते. या अवस्थांचे पाच प्रकारांत केलेले १९८४ चे वर्गीकरण आजही वापरले जाते, मात्र एकाच रुग्णात एकाहून अधिक प्रकार आढळू शकतात.

नाशिक जिल्ह्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर सोयाबीनवर, बांधावरच्या शेवग्यावर केसाळ सुरवंट दिसतात. शेतात काम करणारे, झाडाखाली खेळणारी मुले आणि हेल्मेटची काच वर करून दुचाकी चालवणारे यांना धोका अधिक. सुरवंट डोळ्याला लागलाच पाहिजे असे नाही. वाऱ्याने उडालेला किंवा हाताला चिकटलेला केसही पुरतो. लाल डोळ्यात औषधाच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब परस्पर घालणे येथे विशेष घातक ठरते, कारण पिकाचे पाते लागून झालेला बुरशीजन्य व्रणही प्रारंभी असाच दिसू शकतो आणि स्टिरॉइडने तो चिघळतो.

डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तेथे पापण्या उलटून, स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) एकेक केस बारीक चिमट्याने काढतात. त्यानंतरच दाहशामक व प्रतिजैविक थेंब देतात. गाठ छेदून काढता येते. डोळ्याच्या आतील जेलीसारख्या काचाभ द्रवात केस पोहोचून दाह टिकून राहिला, तर व्हिट्रेक्टमी, म्हणजे तो द्रव काढण्याची शस्त्रक्रिया, करावी लागते. पारपटलात खोल रुतलेला, त्रास न देणारा केस कधी कधी तसाच ठेवून डोळा काही महिने वारंवार तपासला जातो.