मे महिन्यात शास्त्री नदीत पाणी येतं कुठून?

कोकणाला कोरडा मुलूख म्हटलं तर कोणी ऐकून घेणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एका चौरस किलोमीटरवर ३,००० मिलिमीटर म्हणजे ३०० कोटी लिटर पाणी. पण त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. दिवाळी सरली की पुढच्या मृगापर्यंत आभाळातून जवळजवळ काही येत नाही. एप्रिलमधल्या भर दुपारी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जाऊन बघा. जांभा तव्यासारखा तापलेला, गवत करपलेलं, आणि खालच्या वाडीत हंडे टँकरची वाट बघत रांगेत. नदीच्या बाजूने पाहिलं तर कोकणात वर्षातले चार महिने महापूर आणि उरलेले आठ महिने जवळपास वाळवंट असतं. त्या आठ महिन्यांत नदीत धार टिकते ती कशाच्या जिवावर, हे समजून घ्यायला शास्त्री नदी फार चांगली, कारण तिच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही. तिला मिळणाऱ्या गडनदीवर मात्र आहे.

शास्त्रीचा उगम संगमेश्वर तालुक्यात प्रचितगडाच्या परिसरात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर. त्याच धारेच्या पलीकडे पडलेला थेंब वारणेला मिळतो, चांदोलीच्या जलाशयात जातो, पुढे कृष्णेतून अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतो. अलीकडे पडलेल्या थेंबाला समुद्र गाठायला जेमतेम ६५ किलोमीटर पुरतात. त्यातही बहुतेक उंची पहिल्या काही किलोमीटरांतच संपते. कड्यावरून शृंगारपूरच्या अंगाला पाणी अक्षरशः आदळत येतं, मग नायरीच्या खोऱ्यातून गोट्यांवरून उड्या मारत कसब्याला येतं. कसब्याला अलकनंदा आणि वरुणा भेटतात, पुढे संगमेश्वराशी सोनवी. महामार्गावरचा शास्त्री पूल गेला की थोड्याच अंतरावर नदीची चाल बदलते. उतार संपतो, काठाला चिखल आणि कांदळवन दिसू लागतं, पाणी दिवसातून दोनदा उलटं वर चढतं. इथून पुढे तिला नदी न म्हणता खाडी म्हणायचं. दक्षिणेकडून बाव आणि उत्तरेकडून गड येऊन मिळते, आणि जयगड व तवसाळ यांच्यामधून हे सगळं पाणी समुद्रात जातं.

शेजारच्या खोऱ्यात भर उन्हाळ्यात वाशिष्ठी भरून वाहताना दिसते. ते पाणी तिचं नव्हे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. कुंडलिकेचंही तसंच. मुळशीचं पाणी भिरा वीजघरातून तिच्यात येतं आणि म्हणून कोलाडला पावसाळा संपल्यावरही तराफे चालतात. शास्त्रीला असं उसनं पाणी नाही. मे महिन्यात तिच्यात जे दिसतं ते तिच्याच खोऱ्यात मुरलेलं, मागच्या पावसाचं.

ते मुरतं कसं? कोकणातला सडा म्हणजे जांभ्याची जाड टोपी. जांभा सच्छिद्र असतो, चिऱ्याचा ताजा तुकडा हातात घेतला तर आरपार वेड्यावाकड्या नळ्या दिसतात. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं. जांभ्याखाली पांढुरक्या-गुलाबी चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. चिकणमाती पाणी अडवते. अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि सड्याची कड जिथे संपते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून कोकणातल्या जुन्या वाड्या बहुधा सड्याच्या पायथ्याशी, आगरं, म्हणजे बागा, त्याखाली आणि पऱ्या, म्हणजे ओढा, त्याखाली. सह्याद्रीच्या पायथ्याकडे जांभा कमी होतो. तिथे हेच काम उतारावरचं जंगलाखालचं मातीचं अस्तर आणि कातळाच्या भेगा करतात. असे शेकडो झरे आणि पऱ्ये मिळून उन्हाळ्यातली नदी होते.

आता खऱ्या वाळवंटी नदीशी ताडून बघू. राजस्थानातली लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, ४९५ किलोमीटर वाहते आणि समुद्र न गाठता कच्छच्या रणात विरते. तिकडे भूजलाची पातळी पात्राच्या बरीच खाली असते, त्यामुळे नदी वाटेत जमिनीला पाणी देत जाते आणि आटते. बालोतऱ्यानंतर उरलेलं पाणी खारट होतं. अशा नदीला आपण ‘गमावती’ म्हणू. कोकणात पावसाळ्यानंतर उलट असतं. दोन्ही काठांवरचं भूजल पात्रापेक्षा उंच असतं, म्हणून जमीन नदीला पाणी देते. ही ‘मिळवती’ नदी. शास्त्रीसारख्या नदीचं सगळं भवितव्य या एका फरकावर टांगलेलं आहे. काठचं भूजल पात्राच्या खाली गेलं की त्या पट्ट्यात कोकणची नदीही लुणीसारखी वागू लागते. वरून येणारी धार गोट्यांत शिरते आणि दिसेनाशी होते.

२०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात जगातल्या नद्यांचा मोठा अभ्यास आला. १,००० किलोमीटरपेक्षा लांब नद्यांपैकी फक्त ३७ टक्के नद्या उगमापासून शेवटापर्यंत मुक्त वाहतात, असं त्यात निघालं. मुक्त ठरवताना त्यांनी नुसतं धरण आहे की नाही एवढंच पाहिलं नाही. प्रवाहाच्या लांबीने, काठाच्या शेता-पाणथळीकडे, खाली भूजलाकडे आणि ऋतूंप्रमाणे बदलत्या काळात, अशा चारही अंगांनी नदी जोडलेली राहते का, हा त्यांचा निकष. आपल्याकडे पहिल्या अंगाची चर्चा होते, तिसऱ्याची जवळजवळ नाही. कोकणात तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं आमचं मत.

उन्हाळ्यात नदीचा दुसरा आधार म्हणजे डोह, म्हणजेच कोंड. साधा हिशेब करू. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी उडून जातं. जानेवारी ते मे असे १५० दिवस धरले तर ७५० मिलिमीटर, म्हणजे पाऊण मीटर. याचा अर्थ ज्या डोहाला झऱ्याचं पाणी नाही आणि खोली पाऊण मीटरच्या आत आहे, तो नुसत्या उन्हानेच मेअखेर कोरडा पडणार. तीन मीटर खोल डोह तेवढंच पाणी गमावूनही उरतो, आणि तळाशी गार राहतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून मासे तिथे तगतात. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. देवाच्या नावाने राखलेला असा एक खोल डोह पुढच्या पावसात वर-खाली कितीतरी पात्राला बी पुरवतो.

डोहांच्या मधल्या गोटाळ पट्ट्यांत कातळाच्या भेगेत शेरणीची झुडपं असतात. हाताने वाकवून बघितली तर फांदी वेतासारखी वळते, मोडत नाही. पूर आला की झुडूप आडवं झोपतं, ओसरला की उठून उभं राहतं, आणि फांद्यांत अडकलेला पाचोळा पूर कुठवर होता ते दाखवत राहतो. त्याची मुळं गोटे बांधून धरतात. गोट्यांच्या त्या बांधामागेच वरचा डोह साचलेला असतो.

म्हणूनच ‘गाळ काढणे’ या कामाकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. खाडीच्या तोंडाशी साचलेला बारीक गाळ वेगळा आणि वरच्या पात्रातले गोटे वेगळे. पोकलेनने गोटे आणि शेरणी काढून पात्र एकसारखं सपाट केलं की पाणी रुंदभर पसरतं, घोटाभर खोल होतं, तापतं आणि लवकर उडतं. बांध गेल्याने वरचा डोह रिकामा होतो. पात्राचा तळ मीटरभर खाली गेला की काठच्या विहिरींचं पाणीही तेवढं खाली खेचलं जातं, कारण दोन्ही एकाच भूजलावर उभे आहेत. पुढच्या पुरात सुटे काठ ढासळतात आणि खोदलेला खड्डा त्याच मातीने भरतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा गाळ काढायची मागणी येते.

सड्यावरची चिरेखाण तितकीच परिणाम करते. जांभा कापून चिकणमाती उघडी पडली की तिथे पाणी मुरणं थांबतं. पावसाळ्यात खाणीत तळं दिसतं, लोकांना वाटतं पाणी साठलं. खालचा झरा मात्र फेब्रुवारीतच बंद पडतो.

आपल्या गावची नदी मिळवती आहे की गमावती, हे कोणालाही मोजता येतं. सरळ, एकसारख्या खोलीचा १० मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, पाच ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढा. सालीसकट संत्रं पाण्यात सोडा आणि १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते तीन-चारदा मोजा. समजा रुंदी ३ मीटर, खोली ०.२ मीटर, वेळ ४० सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ०.२५ मीटर. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार ०.१५. पृष्ठावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून गोटाळ पात्रात याला ०.७ ने गुणायचं. उत्तर ०.१०५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०५ लिटर, दिवसाला सुमारे ९० लाख लिटर. असंच मोजमाप किलोमीटरभर खाली करा. मधे पऱ्या मिळत नसताना खालचा आकडा मोठा आला तर जमीन नदीला पाणी देते आहे, लहान आला तर नदी गमावते आहे. लोक हमखास चुकतात ते वेळेत. दुपारी काठची झाडं पाणी ओढतात, पंप चालू असतात, धार घटते. दोन्ही ठिकाणी पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी मोजा. वाऱ्याच्या दिवशी मोजू नका. आकड्यात दहा-वीस टक्के फरक असला तर त्यातून काही निष्कर्ष काढू नका.

कच्चे बंधारे, म्हणजे पिशव्या रचून केलेले तात्पुरते बांध, उपयोगी आहेत, पण जागा आणि वेळ साधली तर. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात धार आटोक्यात आली की बांधायचा. आधी बांधला तर परतीच्या पावसात वाहून जातो, जानेवारीत बांधला तर अडवायला पाणीच नसतं. पाया उघड्या कातळावर हवा. वाळूवर रचलेल्या बंधाऱ्याखालून पाणी पाझरतं, वाळू घेऊन जातं, आणि एके रात्री मधोमध भगदाड पडतं. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या दोन-तृतीयांशच भरायच्या, म्हणजे त्या एकमेकींवर नीट बसतात. सांधे विटांसारखे चुकवत रचायच्या, उंची मीटरच्या आसपास आणि तळ त्याच्या दुप्पट रुंद. मधे थोडा खोलगट भाग सोडायचा, तिथून पाणी ओसंडून खाली जायलाच हवं. पूर्ण अडवलं तर आपली वाडी भिजते आणि खालची कोरडी पडते. खाडीलाही फटका बसतो. वरून येणारं गोडं पाणी घटलं की उधाणाची भरती आणखी आत शिरते आणि काठच्या विहिरी मचूळ होतात.

आणि मेअखेर पिशव्या काढायच्याच. उन्हाने त्या विरलेल्या असतात. पुरात फाटल्या की प्लास्टिकचे धागे कांदळवनाच्या मुळांना जाऊन गुंडाळतात. दुसरं कारण चढणीच्या माशांचं. मृगाचे पहिले लोंढे आले की पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पऱ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात आणि तिथल्या उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. ही चढण त्या पहिल्या काही दिवसांतच होते. तेव्हा वाटेत मीटरभर उंचीची उभी भिंत असली तरी लहान मासा तिथेच अडतो.