पार्श्वभूमी: ‘ॲटेलिए’तलं कॅलेंडर गेलं कुठे?

‘ॲटेलिए’ ही किमयेवरची जपानी व्हिडिओ गेम मालिका ‘रायझा’ या भागापासून खेळायला लागलेल्यांना जुन्या खेळाडूंचं एक भांडण कळत नाही. मालिकेतून कॅलेंडर, म्हणजे ठरावीक दिवसांत काम उरकायची मुदत, काढलं ते बरं केलं की वाट लावली, यावर माणसं वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येतात. रायझात दिवस मोजायची भानगडच नाही. एका झाडावर काठी मारली, मग विळा चालवला, मग कुऱ्हाड घातली, दर वेळी वेगळा माल. टोपली भरली की घर. काही राहिलं तर पुन्हा जायचं. जुन्या भागांत हे ‘पुन्हा जाणं’च सगळ्यात महाग होतं, आणि वादाचं मूळ तिथेच आहे.

मालिका सुरू झाली २३ मे १९९७ ला, पहिल्या प्लेस्टेशनवर. जपानच्या नागानो प्रांतातल्या एका लहानशा स्टुडिओचं हे काम. जग वाचवायची जबाबदारी नाही, राक्षसराजा नाही. किमयेच्या शाळेतली सगळ्यात ढ विद्यार्थिनी मारी. तिच्या शिक्षिकेने तिला एक दुकान दिलं आणि सांगितलं, पाच वर्षांत बरं काही बनवून दाखव, तरच पदवी. जंगलात जायला दिवस लागतात, यायला दिवस लागतात, हंड्यात काही शिजवायला दिवस लागतात. पैसे साठले की महिन्याच्या पगारावर परी-माणसं ठेवता येतात. ती सामान गोळा करतात किंवा हलक्या वस्तू बनवून ठेवतात. कपड्यांच्या रंगावरून त्यांची हुशारी कळते. खालच्या रंगाच्या माणसाला अवघड काम दिलं तर ते रेंगाळतं आणि पगार मात्र पुरा द्यावा लागतो. या एका सोयीत मालिकेचं सगळं गणित आहे: मोजायचे ते पैसे नाहीत, दिवस. पैसे फक्त दिवस विकत घ्यायला.

१९९८ च्या ‘एली’ने त्यात भर घातली. रेसिपीतलं प्रमाण कमी-जास्त करून पाहायची मुभा आली. प्लेस्टेशन २ वरचे पहिले भाग जपानबाहेर आलेच नाहीत, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंची ओळख २००५ मध्ये इंग्रजीत आलेल्या ‘आयरिस’पासून. त्यात नेहमीचा मोठा प्रवास, नेहमीची लढाई, आणि मुदत नाही. आसपासच्या वस्तूंतून मूलतत्त्वं शोषून घ्यायची आणि त्यांतून वस्तू करायच्या. म्हणजे ‘मालिकेत पूर्वी नेहमीच मुदत होती’ हा जुन्या खेळाडूंचा दावा काही खरा नाही. आयरिसच्या तीन भागांत ती नव्हती. पण दुकान, शेजारी, उधारी आणि तारीख यांची जी घडी पहिल्या भागांत बसली होती, ती तिथे विस्कटली होती. आयरिस चांगले खेळ आहेत; फक्त ‘ॲटेलिए’ म्हणून ते कोणी आठवत नाही.

ती घडी पुन्हा बसली आर्लांड नावाच्या राज्यात घडणाऱ्या तीन भागांत. २००९ ची ‘रोरोना’, २०१० ची ‘तोतोरी’, २०११ ची ‘मेरुरू’, तिन्ही प्लेस्टेशन ३ वर. कॅलेंडर म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर ‘रोरोना’चं एक सत्र बघावं.

राज्य रोरोनाचं दुकान बंद करणार आहे. ते टिकवायचं असेल तर तीन वर्षांत बारा कामं पुरी करायची, प्रत्येकाला तीन महिने. महिना तीस दिवसांचा, म्हणजे एका कामाला नव्वद दिवस. ऐकताना भरपूर वाटतात. आता समजा काम स्फोटकांचं आहे आणि दारूगोळ्याचा दगड मिळतो ती खाण पाच दिवसांवर आहे. जाऊन-येऊन दहा दिवस, खाणीत वेचण्यात आणखी काही. परत आल्यावर दगडाची दारू करायची, कागद करायचा, मग स्फोटक; प्रत्येक पायरीला नगामागे दिवस. हंड्याचं काम एमपी, म्हणजे नायिकेची शक्ती, खातं आणि एमपी संपला की झोपावं लागतं, झोपेलाही दिवस. सगळं धरून पस्तीस-चाळीस दिवस सहज जातात. इथे नवा खेळाडू ठरलेली चूक करतो. तो मोजून माल आणतो, दारू करताना दोन नग हलक्या प्रतीचे निघतात आणि त्याला खाणीची दुसरी फेरी पडते. नव्वदातले पंचावन्न-साठ दिवस गेले. उरलेल्या दिवसांत गावातल्या मंडळींच्या मागण्या पुऱ्या करायच्या, त्यांच्याशी ओळख वाढवायची, पुढच्या कामासाठी पैसे साठवायचे, आणि त्यातलं काहीच धड होत नाही. काम कसंबसं पास होतं, तारे कमी पडतात, शेवट साधा मिळतो.

मुरलेला खेळाडू तेच काम अर्ध्या दिवसांत उरकतो, आणि त्यासाठी त्याला बोटांचं कौशल्य लागत नाही. तीन गोष्टी सांभाळल्या की झालं. एक, टोपलीत साठ नग मावतात, म्हणून खाणीत शिरताना टोपली रिकामी हवी आणि वाटेतलं गवत उचलायचं नाही. दोन, होम नावाचा जो कृत्रिम मदतनीस मिळतो, त्याला एक दिवसही रिकामा बसवायचा नाही. तुम्ही खाणीत असताना त्याने घरी कागद करून ठेवायचा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, एकच नग जीव ओतून उत्तम करायचा आणि दुकानात नोंदवून टाकायचा. मग तोच नग, त्याच गुणांसह, दुकानातून हवा तेवढा विकत मिळतो. दिवस वाचले, पैसे गेले, आणि पैसे परत कमावता येतात. पहिल्याच वर्षी ही नोंदणी लक्षात न आलेले लोक पुढे कॅलेंडरला शिव्या घालताना दिसतात.

‘तोतोरी’ने तिढा आणखी घट्ट केला. हरवलेल्या आईला शोधायला निघालेल्या मुलीला साहसवीराचा परवाना मिळतो, तो तीन वर्षांचा. ठरलेला दर्जा गाठला तर पुढची दोन वर्षं. नकाशावर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला दिवस, आणि तिथे पोचल्यावर प्रत्येक वेचणीला, प्रत्येक लढाईला दिवसाचा तुकडा. फसगत अशी होते की परवाना नवा झाला की माणूस सैलावतो. खरं काम तिथे सुरू होतं: जहाज. त्याचे भाग वेगवेगळ्या रेसिपींचे, रेसिपींची पुस्तकं आणि माल लांबलांबच्या टोकांना. चौथ्या वर्षात जहाज पाण्यात नसेल, तर समुद्रातला फ्लाउश्टराउट नावाचा राक्षस मारून पलीकडे जायला वेळ पुरत नाही आणि आईचं काय झालं ते न कळताच खेळ संपतो. खेळात कुठेही पाटी लावलेली नाही. ज्यांचे पन्नासेक तास असे वाया गेले त्यांचा राग समजण्यासारखा आहे. दुसऱ्या फेरीत पैसे आणि हत्यारं सोबत येतात हे खरं, पण दुसरी फेरी खेळायला लावणं हा सगळ्यांना उपाय वाटत नाही.

आता तो निर्णय. डिसेंबर २०११ मध्ये हा स्टुडिओ एका मोठ्या जपानी कंपनीने विकत घेतला आणि १ ऑक्टोबर २०१४ ला तिच्यात विलीन झाला. मधल्या काळात कॅलेंडर गेलं, म्हणून जुन्या खेळाडूंनी दोन गोष्टींची सरळ सांगड घातली: नव्या मालकाला खप हवा होता, खपासाठी अवघड भाग काढला. तारखा पाहिल्या तर हे इतकं सरळ नाही. २०१२ च्या ‘आयेशा’त मालक बदललेला असूनही तीन वर्षांची मुदत होती, तेवढ्या काळात बहिणीला वाचवायचं. २०१३ च्या ‘एस्का आणि लॉजी’त मुदत राहिली, पण तिची धार गेली. दर सत्राला पाच बाय पाचचा चौकोनांचा तक्ता, मधलं मुख्य काम आटोपलं की बाकीचे चौकोन सवडीने भरायचे. मुख्य काम इतक्या लवकर होतं की लोक दिवस संपवायला झोपा काढत. म्हणजे कॅलेंडर एका दिवसात कोणी फाडलं नाही, ते आधी सैल झालं. जुलै २०१४ ची ‘शाली’ आली तेव्हा विलीनीकरण व्हायचं होतं, आणि तिच्यात मुदत नव्हतीच.

शालीवरची टीका मात्र रास्त होती, फक्त तिचा नेम चुकला. मुदतीच्या जागी तिथे ‘लाइफ टास्क’ आले: इतकं वेच, इतके शत्रू मार, अमुक बनव. ठरावीक टास्क पुरे केल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. कॅलेंडर तुम्हाला दिवस देत होतं आणि ते कसे खर्चायचे हे तुमच्यावर सोपवत होतं. टास्कची यादी काय करायचं तेच सांगते. मुदत काढून मोकळीक वाढायला हवी होती, प्रत्यक्षात ती कमी झाली. २०१५ च्या ‘सोफी’ने हे ओळखलं. तिच्यात दिवस-रात्र, वार, हवामान सगळं आहे, काही माल रात्रीच मिळतो, काही दुकानं ठरावीक वेळीच उघडी असतात, पण डोक्यावर अंतिम तारीख नाही. सप्टेंबर २०१६ च्या ‘फिरीस’ने मधला रस्ता काढला. परीक्षेला बसण्यासाठी एक वर्ष, तेवढ्यात तीन किमयागारांची शिफारसपत्रं. परीक्षा झाली की मुदत उठते आणि सगळा प्रदेश मोकळा. दोन्ही बाजूंना पटावा असा हा तोडगा होता. पुढच्या भागांनी तो उचलला नाही, आणि मला तरी ती मालिकेने दवडलेली संधी वाटते.

मुदत गेल्यावर खेळ सोपा झाला असं म्हणणाऱ्यांनी सोफीचा हंडा नीट पाहिलेला नसतो. दिवसांचा ताण गेला, तो सगळा हंड्यात शिरला. तिथे चौकटीचा पट असतो आणि प्रत्येक घटकाला रंग आणि आकार. आकार पटावर बसवायचे. एकाच रंगाच्या चौकटी झाकल्या की गुण वाढतात. नवा आकार जुन्यावर चढला तर जुना घटक पटावरून उडतो आणि त्याने मिळवलेलं सगळं जातं. म्हणून मोठे, वेडेवाकडे आकार आधी आणि एक-दोन चौकटींचे शेवटी. लोक उलट करतात आणि मग क्वालिटी का पडली म्हणून विचारतात.

ट्रेटचं, म्हणजे मालातून वस्तूत उतरणाऱ्या खास गुणांचं, कामही याच काळात जड झालं. तयार वस्तूवर तीनच ट्रेट बसतात. हवा तो ट्रेट बहुतेक वेळा चुकीच्या मालात सापडतो, गवतात मिळतो आणि हवा असतो तलवारीवर. मग तो हातोहात पुढे न्यायचा. गवतातून न्यूट्रलायझर नावाच्या मधल्या वस्तूमध्ये, कारण त्यात बऱ्याच प्रकारचा माल चालतो. न्यूट्रलायझरमधून त्याला घटक म्हणून घेणाऱ्या पुढच्या वस्तूत. आणि असं करत धातूच्या लगडीपर्यंत. लगडीतून हत्यारात. काही ट्रेट दोन खालचे एकत्र आल्यावरच बनतात, आणि ते दोन्ही एकाच हंड्यात पडावे लागतात. साखळी मागून पुढे आखायची: आधी हत्यार ठरवा, मग त्याला लागणारा माल, मग तो माल कशाचा बनतो. पुढून सुरुवात केली की तिसऱ्या पायरीवर कळतं, हा प्रकार इथे चालतच नाही. एका चांगल्या तलवारीमागे दोन-तीन तास जातात. तारीख नाही म्हणून ते घालवता येतात. रोरोनात हे परवडलंच नसतं, त्यामुळे तिथली ट्रेटची यंत्रणा उथळ राहिली, हे आर्लांडप्रेमींनी कबूल करायला हवं.

सप्टेंबर २०१९ च्या ‘रायझा’बद्दल सगळ्यांना माहीत आहेच, तेव्हा इथे फक्त वादाशी संबंध आहे तेवढं. पटाऐवजी गोलांचं जाळं आलं, एका गोलातून पुढचा उघडतो, आणि ठरावीक वाटेने गेलं की चालू रेसिपीतूनच नवी रेसिपी निघते. घटक किती टाकायचे याला मर्यादा आहे, म्हणून जास्त तत्त्वमूल्याचा एक घटक साध्या तिघांना भारी पडतो. लढाईत वापरलेली वस्तू आता संपत नाही, चार्ज खर्च होतो आणि घरी परतल्यावर भरतो. जेम्स, म्हणजे खेळातलं एक वेगळं चलन, खर्चून नगांची नक्कल करता येते. आर्लांडच्या दुकानातल्या नोंदणीचंच हे नवं रूप, फक्त पैशांऐवजी जेम्स. खप वाढला, पहिल्यांदाच इतके लोक आले, आणि वाद जवळपास मिटला.

जुलै २०२३ मध्ये मूळ ‘मारी’ नव्याने आली तेव्हा तो पुन्हा उकरला गेला. सुरुवातीलाच विचारतात: पाच वर्षांची मुदत हवी की अमर्याद खेळायचं? अमर्याद घेतलं तर परी-माणसांचा पगार, पुस्तकांची खरेदी, जायचे-यायचे दिवस सगळं तसंच राहतं, फक्त त्यातल्या कशालाच किंमत उरत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याने मुदतच घ्यावी. पाच वर्षं पुरेशी आहेत, आणि पहिल्या वर्षात दोन परी-माणसं नेमली तर शेवटच्या वर्षात हात रिकामे राहतात.

मार्च २०२५ च्या ‘युमिया’वर आता तक्रार वेगळीच आहे: प्रदेश अफाट, लढाई वेगवान, हंड्याचं काम हलकं, आणि साध्या वस्तू तर मैदानात उभ्या-उभ्या होतात. त्यात ऊर्जेची एक पट्टी आहे, ‘माना’ या जादुई शक्तीने भारलेल्या प्रदेशात ती झपाट्याने उतरते. ती पाहून जुन्या मंडळींना कॅलेंडर परत आल्यासारखं वाटलं होतं. पण ती भरून घेता येते, त्यामुळे तिच्यावरून कोणी भांडत नाही.