मोटरहोमच्या एसीतली चोरवाट

अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घ्यायची, भारतातून आलेल्या आईबाबांना मागच्या बेडरूममध्ये बसवायचं आणि ग्रँड कॅनियन गाठायचं, हा बेत तिथल्या अनेक मराठी घरांत आखला जातो. तो उन्हाळ्यात आखला की एक तक्रार ठरलेली: छतावरचा एसी घोंगावतोय, पुढे सोफ्यावर गारवा आहे, पण मागे आईबाबा घामाघूम. आणि निदानही ठरलेलं: "गॅस कमी झाला असणार."

एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. दर उन्हाळ्याआधी "थोडा टॉप-अप करून टाकू" म्हणणारा आणि त्याचे पैसे मुकाट मोजणारा, दोघेही एकाच अंधश्रद्धेचे भागीदार. मोटरहोमच्या छतावरच्या बहुतेक एसींना तर गॅस भरायची तोटीच नसते. ते कारखान्यातून सीलबंद होऊन येतात.

हे एसी सहसा 13,500 किंवा 15,000 बीटीयूचे असतात, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा टनाच्या आतबाहेर. छताला 14 इंच बाय 14 इंचाचं चौकोनी भोक असतं आणि त्यावर यंत्र बसवलेलं असतं. गंमत अशी की थंड हवा खाली येते ती याच भोकातून, आणि आतली गरम हवा वर खेचली जाते तीही याच भोकातून. मध्ये एक पातळ आडोसा. थंड बाजूची हवा पुढे छताच्या जाडीत दडवलेल्या चपट्या डक्टमधून पुढच्या-मागच्या झरोक्यांपर्यंत जाते. जोडणी करताना आडोशाच्या कडेला फट राहिली, की थंड हवा डक्टमध्ये शिरण्याऐवजी थेट परतीच्या बाजूला खेचली जाते. तिथे ओढ आहे, इथे दाब आहे. हवेला दुसरं निमित्त लागत नाही.

आता जरा गणित करू, कारण इथेच भल्याभल्यांची फसगत होते. समजा आत 30 अंश सेल्सिअस आहे आणि थंड कॉइलवरून, म्हणजे गॅसच्या गार नळ्यांवरून, जाताना हवा 12 अंशांनी उतरते. झरोक्यातून 18 अंशांची हवा येईल. आता फटीतून 20 टक्के हवा परत वळू लागली असं धरा. कॉइलकडे जाणाऱ्या हवेत 80 टक्के खोलीतली आणि 20 टक्के आधीच गार झालेली. हिशेब सोडवला तर कॉइलपाशी पोचणारी हवा 27 अंशांची निघते आणि झरोक्यातून येणारी 15 अंशांची. म्हणजे एसी गळका असताना झरोक्याशी धरलेला थर्मामीटर अधिक थंड आकडा दाखवतो! मालक खूश, आईबाबा घामाघूमच.

आणखी पुढे जा. पूर्ण हवा गुणिले 12 अंश, किंवा 80 टक्के हवा गुणिले 15 अंश, गुणाकार तोच. मग बिघडलं कुठे? ऊर्जा काही फटीत नाहीशी होत नाही. बिघडतं ते "हवा 12 अंशांनी उतरते" या गृहीतकात. कॉइलला 30 ऐवजी 27 अंशांची हवा मिळाली की कॉइलमधला द्रवरूप गॅस कमी तापमानाला, कमी दाबाखाली उकळतो. त्याची वाफ विरळ होते. कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीत ठरावीक आकारमानाचीच वाफ ओढतो. वाफ विरळ म्हणजे ग्रॅम कमी, ग्रॅम कमी म्हणजे उचललेली उष्णता कमी. उतार 12 चा 11 होतो, साडेदहा होतो. कॉइल मात्र अधिकाधिक गार होत शून्याखाली जाऊ शकते. मग हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं, कॉइलच्या पातळ पत्र्यांमधल्या जागा बुजतात, हवा आणखी कमी होते, बर्फ आणखी वाढतो. ज्या यंत्रांत तापमानाचा सेन्सर परतीच्या वाटेवरच असतो, तिथे आणखी एक विनोद: त्याला 27 दिसतं, खोलीत 30 असतं, आणि तो काम झालं समजून कॉम्प्रेसर थांबवतो.

उरलेल्या हवेचे हालही कमी नाहीत. 2 इंच उंच, 10 इंच रुंद डक्ट घ्या. तेवढ्याच छेदाचा गोल पाइप 5 इंच व्यासाचा झाला असता. पण चपट्या डक्टची भिंत हवेला दीडपट जास्त घासते. त्यात पंख्याखालची हवा सपाट तळावर आदळून काटकोनात वळते. अशा वळणांवरची दाबहानी वेगाच्या वर्गाने वाढते. धरणातून पाणी सुटलं तरी कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला ते मिळत नाही. मागची बेडरूम म्हणजे हीच टेल.

उपाय स्वस्त आहेत. आधी बाहेरची वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद. मग छताची आतली जाळी उतरवून आडोशाच्या सगळ्या कडा आणि डक्टची तोंडं ॲल्युमिनियम फॉइलच्या टेपने बंद करायची. कापडी 'डक्ट टेप' नको. नाव डक्टचं असलं तरी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांच्या 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत डक्ट बंद करायला तो नापास झाला होता. तळाशी फोमच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या की हवा आदळण्याऐवजी वळते. शेवटच्या झरोक्यापलीकडे डक्ट उघडाच असेल तर तोही बुजवायचा. फिल्टर धुवायचा. आणि "मागे जास्त हवा जाईल" म्हणून पुढचे सगळे झरोके बंद करायचे नाहीत. एकूण हवा घटून बर्फाचं तेच चक्र सुरू होतं.

हीच कामं करणारे तयार फोमचे संच 'एसीची ताकद वाढवा' म्हणून विकले जातात. ताकद तेवढीच राहते, वाया जायची ती पोचते. मूळची जोडणी चांगली असेल तर संचाने फारसं काही होणार नाही.

फरक पडला का, हे थर्मामीटरला विचारू नका. कचऱ्याची मोठी पातळ पिशवी चपटी करून झरोक्यावर धरा आणि ती फुगायला किती सेकंद लागतात ते दुरुस्तीआधी आणि नंतर मोजा. मागच्या झरोक्यावर पिशवी झटकन फुगतेय आणि तरी उकडतंय, तर हवेचा दोष नाही. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. तसल्या उन्हात पातळ भिंती आणि पुढची भलीमोठी काच एवढी उष्णता आत घेतात की सव्वा टन तोकडाच पडतो. तेव्हा काचेवर बाहेरून चकाकता पडदा लावून गाडी सावलीत उभी करायची.