काटेरी पेशींचे काटे

त्वचेचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बाह्यत्वचेच्या मधल्या थरात प्रत्येक पेशीभोवती बारीक काटे दिसतात. शेजारच्या पेशीचे काटे त्यांना समोरून भिडलेले. हे काटे म्हणजे नेमके काय, या प्रश्नात जवळजवळ शंभर वर्षे गेली.

बाह्यत्वचेच्या कडक पापुद्र्याखाली मऊ थर आहे, हे इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने १६६५ मध्येच पाहिले होते. पण सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हा पेशीसिद्धांत आला १८३८-३९ मध्ये, श्लायडेन आणि श्वान यांच्याकडून. तोवर त्या थरात मोजण्यासारखे काही आहे, हेच कुणाला सुचणे शक्य नव्हते.

१८६४ मध्ये जर्मनीच्या माक्स शुल्त्सेने काटेरी पेशींचे वर्णन केले. दोन ब्रश एकमेकांत दाबावेत तसे हे काटे एकमेकांत रुततात, असे त्याला वाटले. इतर काहींना ते पूल वाटले: आतून पोकळ, एका पेशीचा द्रव दुसरीत नेणारे. इटलीच्याच जूलिओ बिझोझेरोने मात्र बारकाईने पाहिले. काटे टोकाला टोक लावून उभे आहेत आणि जिथे ते भेटतात तिथे एक इवलीशी गाठ आहे. ही चिकटण्याची जागा, असे त्याने सांगितले. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर हे ओळखणे ही थोर नजर होती, असे मी मानतो. १९२० मध्ये योसेफ शाफरने या गाठीला ‘डेस्मोसोम’ नाव दिले. ग्रीकमध्ये ‘डेस्मोस’ म्हणजे बंध. तरीही पुलांची कल्पना मागे हटली नाही.

निकाल लावला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. १९५८ मध्ये जॉर्ज ओडलंडने मानवी बाह्यत्वचेतली गाठ उघड करून दाखवली: दोन्ही पेशींची पटले अखंड, मध्ये फट, दोन्ही बाजूंना आतून जाड चकती आणि त्या चकतीत येऊन अडकलेले केराटिन या चिवट प्रथिनाचे तंतू. पूल कुठेच नाही. काट्यांचाही उलगडा झाला. नमुना रसायनात टिकवताना पेशी आक्रसतात, पण गाठी सुटत नाहीत; तेवढ्या जागी पेशीची कड ओढली जाऊन टोक निघते. जिवंत त्वचेत या पेशी एकमेकींना बऱ्याच जवळ असतात.

या गाठीचे मोल पेम्फिगस या आजारात कळते. शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे डेस्मोसोममधल्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर चालून जातात आणि त्वचेवर फोड येतात. त्या फोडाच्या तळाचा खरवड काचपट्टीवर घेतला, तर पेशी सुट्या पडलेल्या दिसतात, गोल, काटे गेलेल्या.