घुंघुं आली म्हणजे व्हॉल्व्ह गेला?

यंत्रमागांच्या सोलापूरला घरघरीचं कौतुक नाही, पण व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरवर तबकडी लावल्यावर स्पीकरमधून घुंघुं आली की जुना समज हमखास ऐकू येतो: ‘व्हॉल्व्ह गेला, बदला.’ मीही एकदा उगाच जोडी बदलली. आवाज होता तिथंच.

व्हॉल्व्ह बिघडला की बहुधा खरखर, फुसफुस येते किंवा टिचकी मारल्यावर टण्ण वाजतं. एकसुरी घुंघुं मात्र बहुतेकदा विजेची असते. आपली वीज ५० हर्ट्झची. पिकअपचा, म्हणजे तबकडीवर फिरणाऱ्या सुईच्या डोक्याचा, सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट, तो अँप्लिफायरचा फोनो (तबकडीसाठीचा) विभाग सुमारे शंभरपट वाढवतो. वर रेकॉर्डिंगमध्ये दाबलेला खर्ज उचलायचा म्हणून ५० हर्ट्झला आणखी सातपट! मग वायरीत शिरलेली इवलीशी वीजही गर्जणारच.

अँप्लिफायरच्या फोनो इनपुटमधून प्लेयरची पिन काढून तिथं शॉर्टिंग प्लग (आतली दोन टोकं एकमेकांना जोडणारी पिन) लावा. आवाज थांबला तर दोष बाहेर: सुटलेली ग्राउंड वायर, शिल्ड तुटलेली केबल, शेजारचा ट्रान्सफॉर्मर. तसाच राहिला तर आत. १०० हर्ट्झची कर्कश घरघर असेल तर फिल्टर कपॅसिटरवर (आतला वीजपुरवठा सपाट करणाऱ्या भागावर) संशय घ्या. एकाच बाजूला असेल तर डाव्या-उजव्या चॅनलचे व्हॉल्व्ह आपसात बदला, अर्थात सेट बंद करून, थंड झाल्यावर. घुंघुं बाजू बदलते? मग खरंच व्हॉल्व्ह.

थ्रीपिनची अर्थ पिन तोडायचा ‘इलाज’ मात्र जिवावर बेतेल. आत दोन-तीनशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. झाकण जाणकारानंच उघडावं.