टाक्यांमुळेही आतडी चिकटतात

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटणं हा अपवाद नाही, जवळजवळ नियमच आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण लहान आतड्यात अडथळा येण्याचं सर्वांत मोठं कारण हे जुने चिकटेच असतात, कधी कधी ऑपरेशनला वीस वर्षं उलटल्यावरही.

पोटाच्या आतल्या उदरावरणाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. कोरड्या गॉजने पुसलं तरी ते खरवडलं जातं. काही तासांत तिथे फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं चिकट प्रथिन) जमतं आणि टेकलेलं आतडं डिंक लावल्यासारखं धरून ठेवतं. धडधाकट अस्तर प्लाझ्मिन या विकराच्या मदतीने हे जाळं विरघळवतं. रक्तपुरवठा तुटलेल्या, सुजलेल्या जागी अस्तराला हे विरघळवता येत नाही. पाच-सात दिवसांत फायब्रिन गेलं नाही तर त्यात कोलॅजन (व्रणाचे चिवट धागे बनवणारं प्रथिन) विणलं जातं, रक्तवाहिन्या शिरतात. मग ती पट्टी कात्रीनेच सुटते, आणि कापल्या जागी पुन्हा चिकटा धरतो.

उदरावरणाची जखम कातडीसारखी कडेकडेने भरत नाही. नवं अस्तर सगळीकडे एकदमच येतं, त्यामुळे मोठी जखमही छोटीइतक्याच दिवसांत भरते. म्हणूनच कडा ओढून टाके घालणं अंगाशी येतं: टाक्याखालचा भाग रक्ताविना राहतो आणि नेमका तिथेच चिकटतो.

चिकटे टाळायला ओलं गॉज, हलका हात, नीट थांबवलेला रक्तस्राव आणि बिनपावडरचे हातमोजे यांना पर्याय नाही. (पावडरच्या हातमोज्यांवर अमेरिकेत २०१७ पासून बंदी आहे.) दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये चिरा लहान असतो, पण कोरडा कार्बन डायऑक्साइड अस्तर सुकवू शकतो.

याला पूरक म्हणून आतडी वेगळी ठेवणारे अडसर वापरतात. हायल्युरोनेट आणि सेल्युलोजचा पातळ पापुद्रा आत जेल होऊन साधारण आठवडाभर टिकतो, म्हणजे हवा तेवढाच. ओल्या हातमोज्याला मात्र तो लगेच चिकटतो, आणि आतड्याच्या ताज्या जोडाभोवती गुंडाळला तर जोड गळण्याचा धोका वाढतो. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी रक्त लागताच काळी पडते; मग तिचा उपयोग संपलाच. आयकोडेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थाचं ४ टक्के द्रावण शेवटी लिटरभर पोटात सोडतात, म्हणजे आतडी काही दिवस तरंगती राहतात.

पूर्वी ऑपरेशन झालेल्याला कळा, हिरवट उलट्या, पोटफुगी सुरू झाली आणि वाराही सरेनासा झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, जुने कागद सोबत घेऊन. सोनोग्राफीत चिकटे सहसा दिसत नाहीत.