कॅम्प की ट्रेक? आधी विचारा, परवा रात्री मूल कुठे झोपणार

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चंदीगड स्टेशनवर आमच्या गटातली सातवीची एक मुलगी चाकांची बॅग ओढत उतरली. गुलाबी, कडक कवचाची, नंबरचं कुलूप असलेली. पुढचे पाच दिवस आम्ही डोंगरात चालणार होतो. तिच्या आईचं काही चुकलं नव्हतं. हातात पडलेल्या पत्रकावर 'हिमालयन ॲडव्हेंचर कॅम्प' एवढंच छापलेलं होतं, आणि कॅम्पला जाताना बॅग भरतात तशी त्यांनी भरली. शेवटी ती बॅग खच्चराच्या पाठीवर आडवी बांधावी लागली. चढावर आमच्या पुढे खच्चर, आणि त्याच्या पाठीवर आभाळाकडे तोंड करून आपोआप फिरणारी चार चाकं.

सुट्टीत मुलांना डोंगरात न्यायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. मार्चपासून फोन सुरू होतात, आणि दहातल्या आठ पालकांच्या बोलण्यात कॅम्प आणि ट्रेक हे एकाच गोष्टीचे दोन शब्द असतात. "ताई, सहावीत आहे, कुठल्या तरी ॲडव्हेंचरला पाठवायचंय." कुठल्या तरी! या दोन्हींत मूल वेगळं काही शिकतं हे तर झालंच, पण दोन्हींतला धोका वेगळ्या जागी लपलेला असतो. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्नही वेगळे.

ढोबळ फरक असा. कॅम्पात मुक्काम एक आणि खेळ अनेक: रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोराला लटकून दरी ओलांडणं), बर्मा ब्रिज (दोरांचा झुलता पूल), तिरंदाजी, जवळ धरण असेल तर कयाक म्हणजे छोटी वल्ह्याची होडी. खेळ आधीच मांडून ठेवलेले असतात, मुलं एकेक करून त्यातून जातात. ट्रेकमध्ये खेळ एकच, चालण्याचा, आणि मुक्काम रोज पुढे सरकतो. घोळ होतो तो आपल्या बोलण्यामुळे. सकाळी बसने पायथा, दुपारी गडावर पिठलं-भाकरी आणि रात्री घर, यालाही आपण ट्रेकच म्हणतो. उलट मनालीजवळ नदीकाठी आठवडाभर एकाच तंबूत राहायचं आणि एक दिवस बर्फाला हात लावून यायचं, याच्या पत्रकावर 'हिमालयन ट्रेक' लिहिलेलं असतं, शेजारी कुठल्याशा खिंडीतला फोटो. दोन्ही कार्यक्रम चांगले असू शकतात. नाव फसवं आहे एवढंच.

त्यामुळे मी पालकांना नाव बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारायला सांगते. उद्या रात्री आणि परवा रात्री माझं मूल कुठे झोपणार? आणि त्याची सॅक कोण उचलणार? त्याच तंबूत झोपणार असेल तर तो कॅम्प, ब्रोशरवर एव्हरेस्टचं चित्र असलं तरी.

कॅम्पातला सगळ्यांचा लाडका खेळ रॅपलिंग, तो जरा जवळून बघू. कातळाच्या काठावर मूल दरीकडे पाठ करून उभं असतं. कमरेला आणि मांड्यांना आवळलेला पट्ट्यांचा हार्नेस, हार्नेसला 'फिगर ऑफ एट' म्हणजे आठच्या आकड्यासारखा धातूचा तुकडा, त्यातून ओवलेला दोर. दोराचं खालचं टोक उजव्या हातात, कमरेजवळ. हात सैल सोडला की खाली सरकायचं, आवळला की थांबायचं. वरचा दादा ओरडत असतो, "मागे बस, खुर्चीत बसल्यासारखं!" आणि मूल हमखास उलटं करतं, पुढे झुकून कातळाला मिठी मारतं. पुढे झुकलं की बुटांची पकड सुटते आणि गुडघा कातळावर आपटतो. मागे दरीत रेलायचं, पाय कातळाला काटकोनात रोवायचे, हे शरीराला पटतच नाही. पटतं तो क्षण बघण्यासारखा असतो. रडकुंडीला आलेलं पोर खाली पोचतं आणि लगेच विचारतं, "परत जाऊ?"

पण त्या पोराला वाटलेली भीती आणि प्रत्यक्षातला धोका यांचा मेळ नसतो. त्याच्या हार्नेसला आणखी एक दोर थेट बांधलेला असतो, वेगळ्या अँकरवरून, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या जागेवरून आलेला, वरच्या माणसाच्या ताब्यात. याला बिले म्हणतात. घाबरून दोन्ही हात सोडले तरी हा दोर धरून ठेवतो. म्हणजे भीती पुरेपूर, धोका जवळजवळ नाही. अर्थात मांडणी नीट असेल तर. नीट नसेल तर हिशेब क्षणात उलटतो आणि दुसरी संधी मिळत नाही. म्हणून कॅम्प निवडताना माणसांच्या गोड बोलण्यापेक्षा सामान बघावं. बिलेचा दोर वेगळा आहे का? हेल्मेट प्रत्येकाला आहे का, की दोनच हेल्मेट रांगेत फिरतायत? कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या आसपास भार. तोच कॅराबिनर आडवा पडून किंवा त्याचं तोंड उघडं राहून भार आला तर ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणून त्याचा स्क्रू फिरवून बंद केलेला हवा आणि कुणीतरी तो हाताने चाचपून बघायला हवा. हार्नेस आणि दोर नायलॉनचे, उन्हाने मरतात. बहुतेक कंपन्या नुसत्या कपाटात ठेवलेल्या दोरालाही दहाएक वर्षांचीच मर्यादा घालतात. रंग उडालेला, केस उभे राहिल्यासारखा दोर दिसला तर मी तिथून मुलं परत आणीन.

एक गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही. सहावीतल्या तीस किलोच्या मुलाला कंबर नसते. मोठ्यांचा हार्नेस कमरेवर अडकून राहतो तो कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडांचा उंचवटा असतो म्हणून. सडपातळ मूल उलटं झालं तर त्यातून निसटू शकतं. अशा मुलांसाठी छातीवरून घ्यायचा किंवा पूर्ण अंगाचा हार्नेस असतो. तो आहे का, असा प्रश्न विचारल्यावर समोरचा गोंधळला तर तेवढं उत्तर पुरेसं आहे. आणि हलकं मूल जाड दोरावरून नीट सरकतच नाही, मधेच लटकून राहतं, दोर हाताने वर ढकलत इंच इंच उतरतं. त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, वजन कमी असतं. हे त्याला आधीच सांगून ठेवावं.

कॅम्पाबद्दल माझी खरी तक्रार सुरक्षेबद्दल नाही, रांगेबद्दल आहे. चाळीस मुलं, एक दोर, प्रत्येकाला बांधणं-सोडणं धरून सहा मिनिटं. झाले चार तास. म्हणजे मूल सहा मिनिटं साहस करतं आणि उरलेला वेळ झाडाखाली बसून चिप्स खातं. दोन दोर लावले तर दोन तास. म्हणून "खेळ किती आहेत" यापेक्षा "एका दोराला मुलं किती" हे विचारलेलं बरं. वीस खेळांची यादी छापणाऱ्यांकडे बहुधा प्रत्येक खेळाला एकच फेरी मिळते.

ट्रेकचं गणित याच्या बरोबर विरुद्ध. वरवर बघता त्यात भीती वाटण्यासारखं काहीच नसतं, नुसतं चालायचं तर असतं. धोका येतो तो हळूहळू, थकव्यातून, उन्हातून, उंचीतून. तो धरून ठेवणारा दुसरा दोर नसतो. दोराच्या जागी लीडर असतो.

सह्याद्रीत मे महिन्याचा ट्रेक म्हणजे उन्हाशी व्यवहार. गडावरच्या टाक्यांतलं पाणी तळाला गेलेलं, पठारावर झाड नाही, घसाऱ्यावरची माती इतकी कोरडी की पाऊल ठरत नाही. पहाटे पाचला चालायला लागून दहाच्या आत सावलीला पोचायचं, नाहीतर रात्री चालायचं, एवढेच दोन मार्ग. ज्यांच्या वेळापत्रकात "११ ते २ गडफेरी" लिहिलंय त्यांना नम्रपणे नाही म्हणा. याच दिवसांत कड्यांवर आग्या मोहोळं लागलेली असतात, आणि आठवीतल्या मुलांना नेमका डिओ मारायची हौस आलेली असते. उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. मी डिओच्या बाटल्या गाडीतच गोळा करते. शिव्या खाते, पण करते.

हिमालयात प्रश्न उंचीचा. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे सह्याद्री पालथा घातलेल्या पोरालाही या गोष्टीचा अनुभव शून्य. "आमचा मुलगा रोज फुटबॉल खेळतो, एकदम फिट आहे" हेही इथे कामाचं नाही. त्रास फिटनेस विचारून येत नाही. उलट फिट मुलं भराभर वर जातात आणि आधी आजारी पडतात. बारा वर्षांचं मूल "मला उंचीचा त्रास होतोय" असं सांगत नाही. ते म्हणतं, "भूक नाही." मग कोपऱ्यात बसतं. नवख्या माणसाला वाटतं, घरची आठवण येतेय. डोकं दुखणं आणि जेवण नको वाटणं एकत्र आलं की मी आधी उंचीच धरून चालते: आज वर जायचं नाही, आणि वाढलं तर अंधार असला तरी खाली.

इथे पालकांना घरबसल्या एक तपासणी करता येते. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक मुक्कामाची उंची मागा. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर विश्रांतीची असावी, असा जगभरचा संकेत आहे. मनाली २००० मीटरच्या आसपास. तिथून दुसऱ्याच रात्री मुक्काम ३५०० वर दाखवला असेल तर मुलांसाठी तो कार्यक्रम घाईचा आहे, फोटो कितीही छान असोत. सुट्टी दहा दिवसांची आणि त्यातले चार रेल्वे आणि बसमध्ये गेलेले, मग घाई कुठे केली जाते ते उघड आहे.

ट्रेकच्या लीडरला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: "गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठून परत फिरलात?" खरा लीडर लगेच दोन-तीन गोष्टी सांगेल, कुठे दुपारचे ढग चढले, कुठे एका मुलीला उलट्या झाल्या. "आम्ही कधीच परत आलो नाही, शंभर टक्के समिट" असं अभिमानाने सांगणाऱ्याच्या हाती मी माझा भाचा देणार नाही. शिवाय शिक्षण विचारा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था, इथला बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो. तो केलेला माणूस प्रत्यक्ष मुलांबरोबर चालणार आहे का? प्रमाणपत्र ऑफिसात फ्रेममध्ये आणि मुलांबरोबर कॉलेजची पोरं, असंही पाहिलंय. रांगेच्या अगदी मागे कोण असतं, तेही विचारा. पुढचा माणूस वाट दाखवतो, पण मुलं सांभाळतो तो शेवटचा. मुली असतील तर गटात बाई असलीच पाहिजे, आणि पॅड कुठे टाकायचं ते पहिल्याच रात्री स्पष्ट बोलणारी. या वयात कित्येकींची पहिली पाळी प्रवासात येते.

महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कॅम्प असो वा ट्रेक, नोंदणी बघायला मागा.

मग पाठवायचं कुठे? सहावीतलं, घराबाहेर कधी न राहिलेलं मूल असेल तर जवळचा तीन-चार दिवसांचा कॅम्प. फोन लागतो, डॉक्टर तासाभरावर असतो, रात्री रडलं तर घ्यायला जाता येतं. पण "घाबरट आहे, ट्रेक झेपणार नाही" हा निष्कर्ष घाईने काढू नका. बर्मा ब्रिजवर पाय न ठेवणारी मुलं मी दिवसाला आठ तास न कुरकुरता चालताना बघितली आहेत, आणि रॅपलिंगमधले हिरो दुसऱ्या चढाला सॅक खाली टाकून बसलेले. चाकांची बॅगवाली ती मुलगी पहिल्या दिवशी सगळ्यात मागे होती. तिसऱ्या दिवशी मी सॅक उसनी दिल्यावर तिने बॅगेतलं निम्मं सामान खच्चरवाल्याकडेच ठेवलं आणि आपली सॅक आपण उचलली. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुरे. चाळीस किलोच्या मुलीला चार ते सहा किलो. तिने स्वयंपाकाच्या तंबूतल्या काट्यावर वजन करून घेतलं. साडेपाच भरलं.

आणि बूट. कॅम्पाला पकड असलेले साधे स्पोर्ट्स शूज चालतात. ट्रेकला नवे बूट निदान पंधरा दिवस आधी घ्या आणि मुलाला ते घालून क्लासला, दुकानात, जिन्यावरून फिरवा. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि जाड मोजा घालूनच मापा. उतारावर अंगठा पुढे टेकत असेल तर नख काळं पडणार. थोरल्या भावाचे कपाटातले बूट देत असाल तर तळवा हाताने वाकवून, ओढून बघा. दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा सोल वरून धड दिसतो आणि पहिल्याच उताराला सुटून येतो. माझ्या सॅकमध्ये त्यासाठी कायम दोन मीटर नायलॉनची दोरी आणि चिकटपट्टी असते.